बुडबुड्यापर्यंत

कुपीतलं पाणी उतरलं होतं. फार नाही, नखाएवढं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण मी चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काढली आहेत आणि नखाएवढ्या फरकावरच माझं पोट चालतं. आईच्या स्वयंपाकघरात क्रूसाखालच्या फळीवर ती नेहमीच्या जागी उभी होती. हिरवट काचेची, वीतभर उंच, बारीक मानेची, पोट थोडं सुटलेलं, तोंडाशी कापसाचा बोळा. पोटाच्या वरच्या अंगाला काचेत मसुरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा अडकलेला आहे, काच फुंकणाऱ्या कुणा रोमन माणसाच्या श्वासाचा. पाणी त्या बुडबुड्यापर्यंत असायचं. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून ते तिथंच होतं, आणि दर रविवारी आईकडे जेवायला आले की कोट काढायच्या आधी माझी नजर तिकडे जायची. आज ते बुडबुड्याच्या खाली होतं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला, कुपी खिडकीशी धरून पाहिली. खाली रस्त्यावर ढोल वाजत होते, कारण आज अकरा नोव्हेंबर, आणि आमच्या कोलोन शहराला आजपासून कार्निव्हलचं वेड लागतं. आईला जाऊन साडेपाच आठवडे झाले होते. परवा रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी सहा आठवड्यांची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आणि महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं. मी खोकी आणली होती, भांडी गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणली होती, आणि एकही भांडं न उचलता मी कुपी हातात धरून खुर्चीवर बसून राहिले. मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

आमच्याकडे जमीन खणली की रोमन निघतात, त्याचं कुणाला कौतुक नाही. आजोबांनी कोळशासाठी तळघर वाढवायला घेतलं तेव्हा एका कवटीशेजारी ही कुपी निघाली. त्यांनी ती आजीला दिली, आजीने चर्चच्या फादरांना दाखवली, आणि फादर म्हणाले, ही आसवांची कुपी. पहिल्या ख्रिस्ती बायका मेलेल्या माणसासाठी हिच्यात रडायच्या आणि मग ती त्याच्या उशाशी ठेवायच्या. देव माणसाचं एकेक आसू कुपीत जपून ठेवतो असं स्तोत्रात म्हटलंय ते उगाच नाही. आजीला एवढं पुरेसं होतं. तेव्हापासून घरात नियमच झाला. माणूस गेलं की पेटी बाहेर निघायच्या आधी कुपी मांडायची, शेजारी मेणबत्ती लावायची, आणि घरातल्या बायकांनी एकेकीने खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं, रडायचं आणि कुपीचं तोंड गालाला लावायचं. पुरुषांना माफी होती. सगळ्या बाहेर आल्या की आजी कुपी उजेडात धरायची आणि मान डोलवायची. युद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिने चांदीचे चमचे वरच सोडले आणि कुपी एप्रनच्या खिशात घालून तळघरात उतरली. चमचे गेले, घर गेलं, कुपी राहिली. हे आजी अशा थाटात सांगायची की जणू वरून बॉम्ब टाकणाऱ्यांनी आधी तिच्या खिशाची चौकशी केली होती.

पुढे मी चाळिशीची असताना आमच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले, संग्रहालयातून निवृत्त झालेले. नजर तपासायच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मी पाटी उलटी करून तीच ओळ विचारली तर त्यांनी ती तशीच्या तशी म्हणून दाखवली. माणसं अक्षरं पाठ करून येतात. कुणाला गाडी चालवायचा परवाना हवा असतो, कुणाला नुसतंच म्हातारं व्हायचं नसतं. म्हणून मी कुणाच्याच तोंडचं खरं धरत नाही, आधी उलटून बघते. पकडले गेल्यावर ते हसले, मग गप्पा निघाल्या, आणि कुपीचं ऐकून त्यांनी हातच झटकला. त्यात सुगंधी तेल असायचं, बाई, म्हणाले, आसवांचं हे नंतरच्या भाविकांनी लावलेलं ठिगळ. असल्या मानेतून आसू आत जाईल तरी कसं? मानेचं मला त्यांच्याहून जास्त माहीत होतं, पण मी बोलले नाही. आईलाही सांगितलं नाही. रोमनांनी तेल ठेवलं असेल तर ठेवो. माझा प्रश्न आत आज काय आहे हा होता, आणि त्याचं उत्तर मला एकटीलाच ठाऊक होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

विनांद माझा धाकटा भाऊ. सात वर्षांचा. मार्चातल्या एका सोमवारी त्याचं डोकं दुखायला लागलं आणि गुरुवारी तो गेला, मेंदूज्वराने. आम्ही दोघं एकाच खोलीत झोपायचो. दाराशी भिंतीवर चिनीमातीचा एक देवदूत होता, हातात शिंपला धरलेला, शिंपल्यात चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी. रोज रात्री आई त्यात अंगठा बुडवून आमच्या कपाळावर क्रूस काढायची. थंडगार ओला अंगठा. विनांद दरवेळी सर्दी झाल्याचं सोंग करून शिंकायचा आणि आई दरवेळी त्याला चापट मारायची. त्याला नेलं त्या दिवशी कुपी आमच्याच खोलीत मांडली होती, त्याच्या रिकाम्या गादीशेजारच्या स्टुलावर. आधी आजी आत गेली, मग आई, मग आईची धाकटी बहीण द्रुका मावशी, शेवटी मी. आणि मला रडू आलं नाही. नंतर मी त्याची पुष्कळ कारणं शोधली, धक्का बसला होता, लहान होते, मत्सर असेल. खरं कारण एवढंच की मला भूक लागली होती. मयताला आलेल्यांच्या कॉफीसाठी मावशीने लोणीसाखरेच्या चुऱ्याचा केक भाजला होता, त्याचा वास जिन्यातून वर येत होता, आणि आपल्याला कडेचा कुरकुरीत तुकडा मिळेल का याचाच मी विचार करत होते. भाऊ पेटीत होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. कुपी उचलून पाहिली तर आत जवळजवळ काहीच नव्हतं, मानेशी नुसता ओलसर पुसट थर. मला आजीची भीती वाटली. मी शिंपल्यात बोट बुडवून कुपीच्या तोंडावर टेकवलं. एक थेंब आत घरंगळला. ते फारच थोडं दिसलं. मग मी देवदूत खिळ्यावरून काढला आणि शिंपल्याची चोच कुपीच्या तोंडाला लावून त्याला तिरका केला. किती ओतायचं हे काही ठरवलं नव्हतं. सगळंच गेलं. पाणी बुडबुड्यापर्यंत आलं. मी देवदूत परत अडकवला आणि बाहेर आले. आजीने कुपी खिडकीशी धरली, खूप वेळ धरली, आणि विचारलं, "कोण रडलं एवढं?" मी खाली जमिनीकडे पाहत होते. नंतर मी केक खाल्ला, कडेचा तुकडा, तोही दोनदा.

आजोबांच्या वेळची आसवं केव्हाच वाळून गेली होती, त्यांचा तळाशी पांढुरका डाग तेवढा उरला होता. तेव्हा हेही पाणी वाळेल, आणि वाळलं की माझा गुन्हा संपेल, अशी मी वाट पाहिली. ते वाळलं नाही. ईस्टर गेला, उन्हाळा गेला, नाताळ आला, पाणी बुडबुड्यापाशीच. आजीने निकाल देऊन टाकला की हे निष्पाप जिवाचे अश्रू आहेत आणि देव ते वाळू देत नाही. शेजारपाजारच्या बायका ऑपरेशनच्या आधी येऊन कुपीला बोट लावून जायला लागल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार होती. शनिवारी पापाची कबुली द्यायला त्या लाकडी खोक्यात गुडघे टेकले की मी खोटं बोलले, साखर चोरली, आईला उलट उत्तर दिलं, हे सगळं सांगायची आणि हे एवढं सोडून द्यायची. सांगितलं असतं तर फादर म्हणाले असते, पोरी, मग ते पाणी वाळत का नाही? याला माझ्याकडे काय उत्तर होतं? देवाने माझी लबाडी खरी म्हणून स्वीकारली होती, किंवा त्याला फरकच कळत नव्हता, किंवा तो मला रोज डिवचत होता. वयाप्रमाणे मी या तिन्हींवर आळीपाळीने विश्वास ठेवला. पण त्या पाण्यावरून नजर मात्र कधी हटली नाही. नवरा, फर्डी, घर सोडून गेला त्या आठवड्यात मी आईकडे येऊन आधी फळीकडे पाहिलं होतं. छातीत गाठ निघाली तेव्हाही. पाणी जागेवर होतं, म्हणजे कुणीतरी माझं सगळं जाणून होतं आणि तरीही माझं पाणी सांभाळत होतं. लाज वाटते, पण माझी श्रद्धा म्हणतात ती एवढीच आहे. मिस्सा, उपास, जपमाळ हे सगळं तिच्यावर घातलेलं पांघरूण.

आणि आता आई गेल्याबरोबर पाणी उतरलं. एक तर देवाने हात काढून घेतला होता, नाहीतर त्यात देवाचा हात कधी नव्हताच आणि दुसऱ्या कुणाचा होता. मी कपाट उघडलं. सहा आठवड्यांत तिच्या वस्तूंना हात लावायला मन धजत नव्हतं, ते आता झडती घेणाऱ्या पोलिसासारखं धजावलं. फळीखालच्या खणात तिचं प्रार्थनेचं पुस्तक होतं, मेलेल्या नातेवाइकांच्या स्मरणपत्रिका खुपसून खुपसून फुगलेलं, वरच विनांदची, पुढचे दोन दात पडलेल्या वेळच्या फोटोची. पुस्तकाखाली रुमालात गुंडाळलेला काचेचा ड्रॉपर. कानात औषध घालायचा असतो तसला. टोक लांब आणि बारीक. मी तो कुपीच्या मानेत घालून पाहिला, अलगद गेला. मग मला शोधावंही लागलं नाही. पिठाच्या डब्यामागे लेमोनेडची जुनी बाटली होती, तिच्यावर आईच्या अक्षरात ‘ईस्टर’ आणि हे साल. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये आशीर्वादलेलं पाणी सगळेच घरी आणतात, त्यात काही विशेष नाही. बाटली मात्र अर्ध्याहून जास्त रिकामी होती. म्हातारी एकटी बाई, सांडासांड नाही, कुणी आजारी नाही, मग गेलं कुठं? कुठंतरी पाणी मुरतंय हे मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. मी, जी पाटी उलटून बघते. मला राग आला. विनांदसाठी आईला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. पेटीपाशी नाही, कबरीपाशी नाही, त्याच्या वाढदिवशीसुद्धा नाही. न रडलेली बाई आसवांच्या कुपीची राखण करत बसली होती, बायकांकडून हात जोडून घेत होती, आणि आत ड्रॉपरने पाणी सोडत होती. तिने देव भरला होता, थेंबाथेंबाने, माझ्या पाठीमागे. आणि मी त्याच्यापुढे आयुष्यभर चळचळा कापले.

मी ड्रॉपर कोटाच्या खिशात घातला आणि मावशीकडे निघाले. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. रस्ताभर विदूषक, नन झालेले पुरुष, वाघ झालेल्या आया. एका लाल नाकाच्या माणसाने मला मिठी मारून गाल पुढे केला, मी तोंड फिरवलं, तर म्हणाला, "काय गं, मयताला निघालीस काय?" मी म्हटलं, हो. तो मनापासून ओशाळला आणि नाक काढून त्याने खिशात ठेवलं. द्रुका मावशी एक्याऐंशी वर्षांची आहे. गर्ट्रूड हे तिचं खरं नाव तिलाही आठवत नसेल. सहा आठवडे अंगावर काळा घागरा होताच, पण आज त्यावर तिने लाल-पांढरा कार्निव्हलचा स्कार्फ गुंडाळला होता. मी पाहिलं तशी म्हणाली, बघू नकोस अशी, तुझी आई, कथरीना, असती तर तिनेच बांधला असता. तिने तळलेल्या, वर साखर भुरभुरलेल्या मुत्झेंची बशी पुढे केली आणि कॉफी ओतली. मी ड्रॉपर बशीशेजारी ठेवला.

"फुटला नाही अजून?" मावशी म्हणाली. "हा तिसरा. मीच आणून दिला होता चौकातल्या औषधवाल्याकडून. आधीचे दोन फुटले मेले."

बटाट्याचा भाव सांगावा तसं तिने सांगून टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, मिस्सा झाली की आई घरी येऊन दार लावून घ्यायची आणि बुडबुड्यापर्यंत भरायची. दवाखान्यात होती तेव्हाही तिने मावशीला जायला सांगितलं होतं, पण मावशीचे गुडघे धरले होते, जिना चढवेना, आणि मग राहूनच गेलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"न माहीत असायला काय झालं? कापसाचा बोळा लावून पाणी टिकतं होय कुठं? बुर्गे, तू एवढी भिंगं घासतेस, तुला कधी शंका नाही आली?"

ती हसत होती, आणि मला ते असह्य झालं. मी बोलत सुटले. आईने आजीला फसवलं, शेजारणींना फसवलं, चर्चचं पाणी आसवं म्हणून मिरवलं, स्वतः एक टिपूस गाळलं नाही आणि मलाही फसवलं, सर्वात जास्त मला. मावशीने बोटांवरची साखर पुसली. हसणं थांबलं होतं.

"तुला?" ती म्हणाली. "अगं, ती भरत होती ती तुझ्यासाठीच की."

मग तिने जे सांगितलं ते ती कधीच सांगणार नव्हती, तशी आईने तिला शपथ घातली होती, पण मेलेल्या माणसाची बदनामी ऐकून घेण्यापेक्षा शपथ मोडलेली बरी असं म्हणाली. त्या दिवशी आई खोलीतून बाहेर आली आणि जिन्यात मावशीचा दंड धरून म्हणाली, द्रुका, माझे डोळे दगड झालेत, एक थेंब येत नाही, आईला काय सांगू? मावशी स्वतः रडली होती, पण कुपीची ती मान अशी, की निम्मं गेलं कॉलरवर. त्यामुळे आजीने कुपी उजेडात धरली तेव्हा त्या दोघी आ वासून बघत राहिल्या. हे आलं कुठून? आजीने स्वतःच्याच भक्तीला श्रेय दिलं होतं असं मावशीचं मत पडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. संध्याकाळी तुझी आई तुला निजवायला वर गेली. खाली आली ती शेवटच्या पायरीवरच बसली. मी भांडी विसळत होते, तशीच गेले तिच्याजवळ. मला म्हणाली, ते बुर्गाचं आहे, द्रुका. आता मी ते वाळू देणार नाही. ते वाळलं तर पोरगी मनाला लावून घेईल. आणि मग रडली बघ. कुपी राहिली वर. माझ्या ओल्या एप्रनमध्ये तोंड घालून रडली, एवढी रडली की मला एप्रन बदलावा लागला." मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "एवढुशी होतीस. आणि आम्हा तिघींच्या वाटचं तू एकटी रडलीस."

मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं आणि मुत्झे खाल्ली. ती अजून गरम होती. एक्याऐंशी वर्षांच्या बाईकडून तिची चांगली आठवण काढून घ्यायची नसते, असं मी स्वतःला सांगितलं, पण तेही उलटून पाहिलं तर साधा भित्रेपणाच होता.

परत आले तेव्हा स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. दिवा लावला. देवदूत आईच्या खोलीत तिच्या पलंगाशी होता, विनांद गेल्यावर कधीतरी तिने तो तिकडे नेला. तो खिळ्यावरून काढून आणला आणि मेजावर कुपीशेजारी ठेवला. शिंपला कोरडा ठणठणीत, तळाशी धूळ. मी नखाने धूळ खरवडली. चिनीमातीवर नख घासल्याचा तो आवाज, करकरीत, दातांत शिरणारा, तो मी ओळखला. मला तो ऐकू आला होता. अकराव्या वर्षी, पांघरुणात, डोळे घट्ट मिटून पडलेली असताना. आई आत आली होती, दाराशी थांबली होती, तिने सवयीने शिंपल्यात अंगठा घातला होता आणि तिचं नख कोरड्या तळाला घासलं होतं. सकाळी तिनेच तो भरला होता. ती तिथं उभी राहिली. मी श्वास रोखून वाट पाहत होते की आता ती विचारेल, आता ओढून उठवेल, आजीपुढे नेईल. हे सगळं मला आठवत होतं; मी ते उलटून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

ते बुर्गाचं आहे, असं ती त्यानंतर खाली जाऊन म्हणाली होती. आधी नाही.

मी लेमोनेडच्या बाटलीतलं पाणी ड्रॉपरमध्ये ओढलं आणि कुपीत सोडलं, परत ओढलं, परत सोडलं, पाणी बुडबुड्याला टेकेपर्यंत. माझे गाल ओले झाले होते आणि ते कुठंही न साठवता मी बाहीने पुसत होते. आईचा अंगठा त्या रात्री कोरडा होता. तिने माझ्या कपाळावर क्रूस काढला, आडवी रेघ, उभी रेघ, रोजच्यासारखा, आणि काढून झाल्यावरही तो अंगठा तिने बराच वेळ तिथंच ठेवला.